"मामा, डोंगर पायाला टोचतो का?" जन्मापासून न दिसणाऱ्या मुलीला आकार कसे समजावायचे?

मिरजेचा_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचून उत्तर द्या ही विनंती, मी खरंच अडलोय.

माझी भाची जन्मापासून पूर्ण अंध आहे. आता पाचवीत आहे, जवळच्याच साध्या शाळेत जाते. हुशार आहे, पाढे तीसपर्यंत पाठ, ब्रेल वाचते, गल्लीत शिरलेली मोटरसायकल कुणाची ते नुसत्या आवाजावरून सांगते. गेल्या आठवड्यात वर्गात आकार शिकवताना बाई म्हणाल्या की डोंगर त्रिकोणासारखा असतो. हिच्याकडे पुठ्ठ्याचा त्रिकोण आहे, त्याची टोकं तिच्या चांगली ओळखीची. घरी आली आणि मला म्हणाली, "मामा, डोंगर त्रिकोणी असतो ना, मग वर टोकावर उभं राहिलं की पायाला टोचत नाही का?"

मी आधी म्हटलं, नाही गं, डोंगराचं टोक मोठं असतं. तर म्हणते, "मोठं असलं तर मग ते टोक कसं?" यावर माझ्याकडे उत्तरच नव्हतं आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. तिच्या मनात त्रिकोण म्हणजे नेमकं काय असेल? आपण गोल म्हटलं की आपल्याला गोल दिसतो, तिला काय होतं? की नुसता काळोख असतो आणि शब्द पाठ असतात? आणि मेंदूचा बघण्याचा जो भाग असतो तो अशा माणसांत दुसऱ्या कामाला लागतो असं कुठंतरी ऐकलं, ते खरं आहे का.

शिवाय डोंगर, चंद्र, लांबून जाणारी रेल्वे, या हाताला न लागणाऱ्या गोष्टी कशा सांगायच्या? शाळेत आकृतीचा प्रश्न आला की "तू हा सोडून दे" म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ती सोडून द्यायला तयार नाहीये तर आपण का द्यायचं.

चहाबाज

मामा काळजी करू नका, निसर्ग एक घेतो तर दुसरं देतो. अंध लोकांचे बाकीचे सेन्स जन्मतःच आपल्यापेक्षा कितीतरी पॉवरफुल असतात, त्यांना सिक्स्थ सेन्स असतो म्हणतात. ती आपोआप शिकेल सगळं.

काठी_आणि_कान

मामा, मी जन्मांध. वय 38, डोंबिवलीला राहतो, बँकेत नोकरी. फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, लावून लिहितोय तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे काळोखाचं डोक्यातून काढून टाका. काळोख दिसायलासुद्धा डोळे लागतात. तुमच्या पाठीमागे आत्ता तुम्हाला काय दिसतंय? काळं दिसतंय का? काहीच नाही ना, तिथे "दिसणं" हा विषयच नाही. माझ्यासाठी पुढची बाजू पण तशीच आहे आणि त्यात मला काही कमी आहे असं आतून कधी जाणवत नाही, कारण असलेलं गेलं असं कधी झालंच नाही.

आता गोल. लहानपणी वाटीच्या कडेवरून बोट फिरवायचो, ते कुठेही न अडकता निघालं तिथेच परत यायचं, तो गोल. चौकोनात चार वेळा बोटाला वळावं लागतं. त्रिकोणात तीनदा, आणि तिथे वळण जास्त अवघड असतं, हात मुडपून घ्यावा लागतो. अशी ओळख झाली. पण म्हणून आता गोल आठवताना मी मनात दरवेळी बोट फिरवत बसतो असं नाही हं. वाटी म्हटलं की अख्खी वाटी एकदम हजर होते, दोन्ही तळव्यांत धरल्यासारखी, तिचा आतला खोलगटपणा आणि बाहेरचा फुगीरपणा एकाच वेळी. तुम्हाला समोरून वाटीची एकच बाजू दिसत असणार, मला दोन्ही एकत्र असतात. मनातल्या मनात ती पालथी घालता येते, दुसऱ्या वाटीत बसेल का ते पण सांगता येतं. याला चित्र म्हणायचं की नाही ते मला माहीत नाही, पण तो शब्द नाहीये, वस्तू आहे.

मोठ्या गोष्टींचं वेगळं. त्या हातात मावत नाहीत, त्या चालून कळतात. माझं घर माझ्या डोक्यात आहे ते पावलांनी आणि आवाजांनी. किचनमध्ये शिरलं की आवाज कडक होतो, भिंतीला टाइल्स आहेत म्हणून, बेडरूममध्ये गाद्या आणि कपड्यांमुळे मऊ होतो. रस्त्यावर इमारत संपून गल्लीचं तोंड आलं की कानाच्या त्या बाजूला एकदम मोकळं वाटतं, तिथे मी वळतो. रिक्षाने घरी येताना कुठलं वळण घेतलं ते अंगाला कळतं, ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याने गेला तर मी त्याच्या आधी सांगतो.

तुम्हाला लहानपणची एक गोष्ट सांगतो. आमच्या घरी गणपती आणला की बाबा प्राणप्रतिष्ठेच्या आधी मला मूर्ती पूर्ण हाताळू द्यायचे, सोंड, कान, पोट, हातातला मोदक, खालचा उंदीर, सगळं. एकदा पूजा झाली की मग हात लावायचा नाही, म्हणून मी आदल्या रात्री जागा राहायचो. पण त्यामुळे झालं काय की हत्ती म्हणजे सोंड असलेला माणूस अशीच माझी पक्की समजूत होती, बसतो, लाडू खातो. दुसरीत एका काकांनी रबरी हत्ती आणून दिला आणि चार पाय हाताला लागले तेव्हा मी वादच घातला की हे खोटं खेळणं आहे. मग त्यांनी मला दाराच्या चौकटीपाशी उभं केलं, स्टूलावर चढवलं, वरच्या पट्टीला हात लावायला सांगितला आणि म्हणाले खऱ्या हत्तीची पाठ याच्याहून वर असते आणि हे जे रबरी आहे ते त्याचंच लहान रूप. त्या दिवशी मला लहान मॉडेल आणि मोठी वस्तू यांचं नातं कळलं. ते कुणीतरी एकदा असं करून दाखवावं लागतं.

आणि ते आंधळे आणि हत्तीची गोष्ट सगळे सांगतात ना, एकाला सोंड लागली तो म्हणाला साप, एकाला पाय लागला तो म्हणाला खांब. मला ती कधीच पटली नाही. हात एका जागी ठेवून कोण थांबतं? आम्ही पाय लागला की वर जातो, पोट लागतं, पुढे जातो, कान लागतो. एकेक तुकडा जोडत पूर्ण वस्तू करणं हेच तर आमचं रोजचं काम आहे.

राहिला डोंगर. मामा, तुमच्या भाचीचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे आणि शाळेतलं वाक्य अर्धवट आहे. डोंगर त्रिकोणी नसतोच. लांबून बघणाऱ्याच्या डोळ्याला तो त्रिकोणी दिसतो, एवढंच. कॉलेजात असताना मी मित्रांबरोबर सिंहगड चढलो, माझ्यासाठी डोंगर म्हणजे पोटऱ्यांना लागणारी चढण, एका बाजूने कानाला लागणारी भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसणं, आणि वर गेल्यावर लागलेला वारा. यात त्रिकोण कुठे आहे? तिला खरं सांगा की हा डोळ्यांचा एक प्रकार आहे, डोळे लांबच्या गोष्टीची फक्त कड पकडतात.

पुणेरी_ऊर्मी

मी न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करतेय, स्पर्श हाच विषय आहे म्हणून राहवलं नाही.

मामा, तुमचा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे. 1688 मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिनो नावाच्या माणसाने जॉन लॉक या तत्त्वज्ञाला पत्र लिहिलं. मॉलिनोच्या बायकोची दृष्टी गेलेली होती. त्याने विचारलं की जन्मांध माणसाला हाताने घन आणि चेंडू ओळखता येतात, समजा त्याला अचानक दिसायला लागलं तर हात न लावता नुसतं बघून तो सांगेल का यातला घन कुठला आणि चेंडू कुठला? लॉकने तो प्रश्न आपल्या ग्रंथाच्या 1694 च्या आवृत्तीत घातला, दोघांचंही मत होतं की नाही सांगता येणार. पुढे तीन शतकं यावर वाद झाले, कारण तपासायचं कसं.

आणि ते नीट तपासलं गेलं ते आपल्या देशात. दिल्लीत वाढलेले आणि आता एमआयटीत शिकवणारे पवन सिन्हा यांनी प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला. खेड्यापाड्यात जन्मजात मोतीबिंदू असलेली मुलं असतात, ज्यांचं ऑपरेशन वेळेत झालेलं नसतं, त्यांना शोधून दिल्लीत ऑपरेशन करायचं आणि त्यांच्या संमतीने दृष्टी कशी घडते तेही समजून घ्यायचं, असं ते काम. 2011 ला त्यांनी पाच मुलांचे निकाल छापले, वयं 8 ते 17. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार होते. एक आकार हाताने चाचपायचा आणि मग दोनांतून तोच हाताने ओळखायचा, यात 98 टक्के बरोबर. बघून बघूनच ओळखायचा, 92 टक्के. पण हाताने चाचपून मग नुसतं बघून ओळखायचा म्हटलं की 58 टक्के, म्हणजे डोळे मिटून अंदाज ठोकला असता तर 50 आलेच असते. म्हणजे मॉलिनो आणि लॉक बरोबर होते. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट, की त्यातल्या काही मुलांची थोड्याच दिवसांनी परत चाचणी घेतली तर ती हात आणि डोळा जोडायला बऱ्यापैकी शिकली होती, कुणी न शिकवता, नुसतं घरात वावरून. म्हणजे हाताचा आकार आणि डोळ्याचा आकार या दोन वेगळ्या भाषा आहेत, जन्मतः जोडलेल्या नाहीत, पण जोडायला मेंदू तयार बसलेला असतो, इतक्या उशिरासुद्धा.

आता मेंदूचा बघण्याचा भाग. हो, खरं आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला, उशीवर टेकतो तिथे, तो भाग असतो. 1996 ला सदातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहानपणापासून अंध असलेल्या लोकांना ब्रेल वाचायला देऊन मेंदूचं स्कॅनिंग केलं तर तो भाग चक्क कामाला लागलेला दिसला. त्यावर कुणी म्हणेल की असेल असाच उजळत, त्याचा उपयोग काय. तर पुढच्याच वर्षी दुसऱ्या टीमने ब्रेल वाचताना डोक्याबाहेरून चुंबकीय झटका देऊन त्या भागाचं काम क्षणभर बिघडवलं, आणि वाचण्यात चुका व्हायला लागल्या. आणि 2000 मध्ये एका बाईंची केस छापून आली, जन्मांध, आयुष्यभर ब्रेल वाचणाऱ्या, त्यांना स्ट्रोक आला तो नेमका दोन्ही बाजूंच्या या भागात. त्यानंतर बोटाखाली टिंबं आहेत हे त्यांना कळायचं, पण अक्षर लागेना. बोट ठीक होतं, वाचन गेलं. मी ही केस पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रभर झोप नव्हती आली मला, कारण त्या बाईंचं वाचन जिथे राहत होतं त्या जागेला आपण पुस्तकात "दृष्टीचा भाग" म्हणून नाव देऊन टाकलंय.

काठी दादा तुम्ही जे वाटी मनात पालथी घालण्याचं म्हणालात ना, त्याचे प्रयोग 1976 पासून झालेत. जन्मांध लोकांना दोन आकार हाताने चाचपायला दिले, एक फिरवून ठेवलेला, आणि विचारलं दोन्ही सारखेच आहेत की एक उलटा आहे. जितकं जास्त फिरवून ठेवलं तितका उत्तराला वेळ जास्त लागला, म्हणजे मनात खरोखर वस्तू फिरवली जात होती. बघणाऱ्यांच्या बाबतीत अगदी हेच होतं. तेव्हा "नुसते शब्द पाठ असतात" ही शंका तर सोडूनच द्या मामा.

चहाबाज, राग मानू नका पण जन्मतः पॉवरफुल सेन्स असं काही नसतं, आणि "आपोआप शिकेल" हे म्हणणं धोक्याचं आहे कारण मग कुणी शिकवत नाही. 2011 ला एक अभ्यास झाला, अंध आणि बघणाऱ्या लोकांच्या बोटांच्या टोकाची आणि ओठांची स्पर्शाची बारकाई मोजली. बोटात अंध लोक पुढे होते. ओठात दोघेही सारखे. निसर्गाने वरून भरपाई दिली असती तर ओठालाही मिळायला हवी होती ना? बोट तयार झालं ते वर्षानुवर्षं वाचून, शोधून. ती त्या माणसाची मेहनत आहे, तिचं श्रेय निसर्गाला देऊन टाकू नका.

चहाबाज

राग कसला, हे माहीतच नव्हतं. पण मग ते जिभेने टक टक करून सायकल चालवणारे अंध लोक असतात ते पण सरावानेच का?

पुणेरी_ऊर्मी

हो. अमेरिकेतला डॅनियल किश. डोळ्यांच्या कॅन्सरमुळे वर्षाचा असतानाच दोन्ही डोळे काढावे लागले, तो जिभेचा टक आवाज करून प्रतिध्वनीवरून झाड, भिंत, खांब ओळखतो आणि दुसऱ्यांना शिकवतोही. असे टकटक करण्यात पटाईत असलेल्या अंध लोकांना स्कॅनरमध्ये त्यांच्याच प्रतिध्वनीची रेकॉर्डिंग ऐकवली तर पुन्हा तोच डोक्याच्या मागचा भाग कामाला लागला. आणि ही कला बघणाऱ्या लोकांनाही दहा आठवड्यांच्या सरावात बऱ्यापैकी येते असं पुढे दिसलंय.

हार्वर्डमध्ये तर बघणाऱ्या लोकांना पाच दिवस पट्टी बांधून ठेवलं होतं, प्रकाशाचा कणही नाही, आणि ब्रेल शिकवलं. पाच दिवसांत त्यांच्याही मेंदूचा तो भाग स्पर्शाला प्रतिसाद द्यायला लागला, आणि पट्टी काढल्यावर एका दिवसात ते गेलं. एवढ्या लवकर नवीन जोडण्या उगवत नाहीत, म्हणजे वाट आधीपासून होती, डोळ्यांच्या गर्दीत वापरात नव्हती इतकंच.

फोंडेकार

मी गोव्यातून, फोंड्याहून. मला 31 व्या वर्षापर्यंत दिसत होतं, काचबिंदूने गेलं, आता सोळा वर्षं झाली. मी लिहितोय ते मुद्दाम, कारण लोक "अंध लोकांना कसं वाटतं" असं सरसकट विचारतात आणि माझं आणि काठी दादांचं अजिबात एक नाही.

मला गोल म्हटलं की काळ्या फळ्यावर खडूने काढलेला पांढरा गोल दिसतो, अजून दिसतो. वाटी हातात घेतली की हात तिचं चित्र काढून डोक्यात पाठवतो, स्टीलची चमक पण तिथे असते, ती मीच भरतो. स्वप्नात मला दिसतं. नवीन माणसाला भेटलो की आवाजावरून त्याला एक चेहरा देऊन टाकतो, बहुतेक वेळा तो चुकतच असेल. माझी मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा शेवटची नीट पाहिली, आता ती कॉलेजात आहे, तिचे खांदे माझ्या खांद्याला लागतात आणि हाक ऐकली की चेहरा मात्र दोन वर्षांचाच समोर येतो. मी कितीतरी वेळा तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून तो चेहरा मोठा करायचा प्रयत्न केला. होतो थोडा वेळ, मग परत लहान होतो.

रंगांचं सांगायचं तर लाल आणि पिवळा अजून ताजे आहेत, बाकीचे आठवावे लागतात.

तेव्हा मामा, भाचीबद्दल मला विचारू नका, माझ्यासारख्या उशिरा दृष्टी गेलेल्या माणसाचा सल्ला तिच्या कामाचा नाही. मी डोळ्यांच्या आठवणीवर जगतो. काठी दादांना विचारा. दादा, तुम्हाला स्वप्नात काय असतं हो? बरेच दिवस कुणाला तरी विचारायचं होतं.

काठी_आणि_कान

जे जागेपणी असतं तेच. आवाज, हात, वास, चालणं, माणसांचं जवळ असणं. परवाच स्वप्न पडलं की दादरच्या पुलावर गर्दीत काठी हातातून सुटली आणि पायरी सापडत नाहीये. आजी गेली त्याला बारा वर्षं झाली, ती येते तेव्हा तिचा हात येतो, खरखरीत, बोटातल्या वळ्यासकट. चेहरा म्हणजे मला तोच आहे.

तुमच्या मुलीबद्दल वाचलं आणि फोन थोडा वेळ बाजूला ठेवला.

नाशिकच्या_बाई

मामा, मी बावीस वर्षं अंध मुलांना शिकवतेय, आधी विशेष शाळेत आणि आता साध्या शाळांमध्ये फिरून. थेट कामाचंच लिहिते.

पहिली चूक सगळे करतात ती अशी की पुस्तकातलं चित्र उठावाचं करून मुलाच्या हाताखाली ठेवतात आणि म्हणतात घे, हा घन. कागदावरचा घन म्हणजे काय असतं, एक चौकोन आणि त्याला चिकटलेले दोन तिरपे चौकोन. डोळ्याला तो घन वाटतो कारण डोळ्याला तशी सवय आहे. हाताला तो तीन वेड्यावाकड्या चौकोनांचा ढीग लागतो, आणि हात बरोबर असतो, कारण घनाच्या सगळ्या बाजू तर सारख्या चौरस असतात. मग मूल गोंधळतं आणि आपण म्हणतो हिला भूमिती जमत नाही. म्हणून आधी खरी वस्तू, मग तिच्या एकेका बाजूची छाप, म्हणजे ठोकळा ओल्या मातीत दाबून "वरून असा, बाजूने असा", आणि अगदी शेवटी कागदावरची आकृती. ब्रेल लिपीचंच बघा ना. पॅरिसच्या अंधशाळेत आधी डोळसांचीच अक्षरं उठावाची करून वाचायला देत, वाचताना मुलांचा जीव जायचा. लुई ब्रेल तिथलाच विद्यार्थी, त्याने 1824 मध्ये, पंधराव्या वर्षी, बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावतील अशी सहा टिंबं घेतली. तुमच्या भाचीला आपल्या "क" चा गाठ मारल्यासारखा आकार माहीत नसेल, तिचा "क" म्हणजे टिंब एक आणि टिंब तीन. तिला जे अक्षर वाचायचंय ते बोटासाठी बनवलेलं आहे, तशाच आकृत्या पण बोटासाठी बनवाव्या लागतात.

घरी रबरशीट ठेवा, त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद, आम्ही त्याला जर्मन फिल्म म्हणतो, आणि रिकाम्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा, रेघ वर उठते. मुख्य म्हणजे तिलाच काढू द्या. स्वतः काढलेली आकृती हाताला लगेच कळते. आणि दाखवताना तिचा हात धरून फिरवू नका. तुमचा हात खाली, तिचा तुमच्या हातावर, म्हणजे नको असेल तेव्हा तिला काढून घेता येतो.

डोंगरासाठी मी असं करते. परातीत भिजवलेल्या कणकेचा किंवा वाळूचा डोंगर करायचा, ओबडधोबडच. दोन्ही हातांनी चारी बाजूंनी चाचपू द्यायचा, बोटांनी "चढू" द्यायचा. मग त्याला अर्धा कापायचा आणि कापलेली बाजू पुठ्ठ्याला टेकवून कडेने रेघ उठवायची. डोंगर बाजूला केला की मागे उरते ती रेघ. तिला सांगायचं, लांबून बघणाऱ्याला डोंगरातलं एवढंच मिळतं. बाकीचा डोंगर त्याला दिसतच नाही.

लांबची गोष्ट लहान दिसते हे सुद्धा शिकवता येतं, आणि त्याला डोळे लागत नाहीत. टोरोंटोचे जॉन केनेडी म्हणून संशोधक आहेत, त्यांनी अंध लोकांच्या चित्रांवर आयुष्यभर काम केलंय, त्यांचं म्हणणं असं की दिशा ही अंध माणसालाही कळते आणि पर्स्पेक्टिव्ह म्हणजे दिशाच. तिला जेवणाच्या टेबलापाशी अगदी जवळ उभी करा, दोन्ही हातांनी टेबलाच्या दोन टोकांकडे बोट दाखवायला सांगा. हात भरपूर फाकतील. आता चार पावलं मागे. परत दाखव. हात जवळ आले. आणखी मागे गेलं की आणखी जवळ. टेबल तेवढंच आहे, हातांमधली फट कमी झाली. ही फट म्हणजे "दिसणं लहान होणं". मी हे पहिल्यांदा एका सातवीतल्या मुलाला करून दाखवलं तर तो मागे मागे जात भिंतीला टेकला आणि ओरडला की बाई म्हणजे खूप लांब गेलं तर टेबल टिंब होणार! तुर्कस्तानात एश्रेफ आर्माआन नावाचे जन्मांध चित्रकार आहेत, ते बोटांनी रंग लावून चित्रं काढतात आणि त्यांच्या चित्रांत लांब जाणारा रस्ता बारीक होत जातो. केनेडींनीच त्यांच्याकडून रेखाटनं काढून घेऊन हे तपासलं होतं.

आणि शाळेला सांगा, प्रश्न सोडायचा नाही. लेखी द्या, तोंडी नको.

मिरजेचा_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. लिहायला दहा दिवस लागले कारण आधी करून बघायचं होतं.

कणकेचा डोंगर केला. रेघेचं तिला पटकन कळलं, म्हणाली "म्हणजे ही डोंगराची सावली आहे?" आता सावली तिला कशी माहीत तर म्हणे उन्हात चालताना भिंतीजवळून गेलं की गार लागतं, भिंत ऊन अडवते, तशी ही कड काहीतरी अडवत असेल. मला तर बोलताच येईना. टेबलाचा खेळ पण केला, टेबल संपून आता ती अख्ख्या वाड्यात मागे मागे जात सगळ्यांकडे हात करते, आजीला सांगते तू आता एवढीच आहेस.

मग रविवारी दंडोब्याच्या डोंगरावर घेऊन गेलो. तिची आई नको म्हणत होती, पडेल म्हणून. अर्ध्या वाटेत एकदा बसली, दम लागला, पण चालत गेली, माझं कोपर धरून. वर पोचल्यावर मी म्हटलं, हं, आता सांग टोचतंय का. ती उभी राहिली, मग एका बाजूला चार पावलं गेली, परत आली, दुसऱ्या बाजूला गेली, परत आली. असं चारी दिशांना केलं. मी हात धरून होतो पण बोललो नाही काही. मग म्हणाली, "मामा, टोक म्हणजे जिथून कुठंही गेलं तरी खालीच जातो."

शाळेत पत्र दिलंय. बाई चांगल्या आहेत, त्यांनीच रबरशीट मागवते म्हणाल्या, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तिचा पुढचा प्रश्न आलाय. घुमट म्हणजे काय? उलटी वाटी सांगितलं तर म्हणते मग आत कसं जातात.

काठी_आणि_कान

मामा, तुम्ही मिरजेत आहात आणि विचारताय काय! विजापूरला न्या तिला, गोल घुमट. मी कॉलेजात असताना गेलोय. आदिलशहाचा मकबरा, 1656 चा, वर घुमटाच्या आत गोल सज्जा आहे, तिथे भिंतीशी हळू बोललेलं पलीकडच्या टोकाला ऐकू येतं आणि टाळी वाजवली की परत परत फिरून येते. डोळ्यांनी बघणारे वर मान करून बघतात, आमच्यासाठी तो अख्खा घुमट कानात येतो. माझ्या आयुष्यात मला पूर्ण मिळालेली सगळ्यात मोठी वस्तू ती आहे. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, सावकाश चढा. आणि शक्यतो सकाळी उघडल्या उघडल्या जा, नंतर सगळे आरडाओरडा करतात आणि आकार विस्कटतो.

मिरजेचा_मामा

ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत नेतो. सकाळी किती वाजता उघडतं आणि त्या दिवसांत शाळांच्या सहली असतात का ते कुणाला माहीत असेल तर सांगा, शांतता असेल तेव्हाच न्यायचंय तिला.